दात तिचे, डोळे त्याचे

उदगीरच्या मोंढ्यामागं, म्हणजे धान्यबाजारामागं, शिवप्पांची डाळमिल आहे. मिल म्हणायचं ते मान राखायला. पत्र्याच्या दोन शेड, मध्ये फरशीचं अंगण, अंगणात एक कडुलिंब, आणि माणसं इतकी थोडी की कामगारांच्या सरकारी विम्यातही ती बसत नव्हती. कायद्याला मोजायला जास्त डोकी लागतात. गावातल्या मोठ्या मिलांमध्ये काळा दाणा फुंकून बाहेर टाकणारी कॅमेऱ्याची यंत्रं आली, तरी शिवप्पांकडं अजून बायाच होत्या. लिंबाखाली सूप घेऊन बसायच्या आणि तुरीच्या डाळीतून खडा, फोल, डागी दाणा वेचायच्या. ह्या कामाला मिलमध्ये एकच शब्द होता, निवड. निवड झाली म्हणजे खराब होतं ते बाहेर गेलं, असा त्याचा साधा अर्थ. हा शब्द ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यानंच घातला.

सुमनबाई त्या बायांत सगळ्यात जुनी. तिचा नवरा लिंबाजी तिथंच माल पारखायचा. शेतकऱ्याची तूर आली की पोत्यात हात घालून तो मूठभर दाणे काढायचा आणि एक दाढेखाली धरायचा. कट्ट वाजलं तर तूर वाळलेली, नुसती दबली तर ओली, आणि ओली तूर घेऊन ठेवली तर ती गरम होऊन नासणार हे ठरलेलं. शिवप्पांनी ओलावा मोजायचं मीटर कधीचं आणून ठेवलं होतं, पण ते कपाटातच असायचं. मोंढ्यात लोक म्हणायचे, शिवप्पांचं मीटर लिंबाजीच्या जबड्यात आहे.

त्या जबड्यात आता फारसं काही उरलं नव्हतं. दाढा एकेक करून हलल्या, ठणकल्या आणि गेल्या. पुढचे चार-दोन दात उभे होते, ते हसण्यापुरते. सुमनबाईचे दात मात्र अजून ऊस सोलतील असे. पण तिचे डोळे दगा द्यायला लागले होते. आधी दिव्याभोवती कडं दिसायला लागलं, मग सगळ्या जगावर कुणी पातळ ताक ओतल्यासारखं झालं. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, अशी म्हण आहे. म्हण करणाऱ्यानं लग्नाचा विचार केलेला दिसत नाही. एकाकडं दात आणि दुसऱ्याकडं डोळे असले, आणि दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसलं, की निभतं.

तर ते असं निभवायचे. नमुन्याची मूठ झाकून लिंबाजी लिंबाखालच्या माठाकडं पाणी प्यायला यायचा. माठ सुमनबाईच्या उजव्या हाताला. वाकताना दोन दाणे तिच्या तळहातात पडायचे, ती पदर तोंडावर ओढायची आणि पदराआड दाणा फोडायची. "पानी गार हाय," असं ती म्हणाली की तूर वाळलेली. "कोमट हाय," म्हणाली की ओली. लिंबाजी तोंड पुसत वजनकाट्याकडं परत जायचा आणि रिकामा जबडा हलवत निकाल द्यायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती मूठ त्यानं कैक हंगाम झाकून ठेवली.

बदल्यात त्याचे डोळे तिचे. खडा तिला बोटाला कळायचा, पण डाग बोटाला लागत नाही. म्हणून संध्याकाळी काम सुटायच्या आधी तो तिच्या ढिगाशेजारी येऊन बसायचा आणि गप्पा मारल्यासारखं करत डागी दाणे उचलून टाकायचा. बाया चेष्टा करायच्या, की म्हातारपणी ह्यांना नव्यानं पालवी फुटली. सुमनबाई लाजायची, आणि लाजण्याआड तिची काळजी लपून जायची.

घरीही असंच. लिंबाजीला भाकरी चावेना, म्हणून ती भाकरी कुस्करून वरणात भिजवायची. स्वतःला कडक पापुद्र्याची भाकरी जिवापाड आवडत असून तीही तोच काला खायची, का तर समोर कुडुमकुडुम आवाज काढून खाल्लं तर त्याला वाईट वाटेल. तिला एकच गोष्ट खटकायची. पौर्णिमेला विहारात सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, तिचा आवाज खाली जायचा. शेजारी लिंबाजीचाही जायचा. दोघं एकमेकांकडं बघायचे नाहीत.

शिवप्पांची सून शिवानी लातूरची. लग्नाआधी ती तिथं एका ऑफिसात कामाला होती आणि त्या ऑफिसानं तिला विमा दिला होता. दवाखाना, दात, डोळे, सगळं एकाच कार्डावर. मिलचा हिशेब तिच्या हाती आल्यापासून तिच्या मनात एकच होतं, आपल्या माणसांनाही असं कार्ड पाहिजे. नांदेडहून अमरनाथ नावाच्या विम्याच्या एजंटाला ती बोलवत होती. अमरनाथ माणूस सरळ, पण कागदावर सवयीनं बोट ठेवणारा. त्याचं म्हणणं, लहान धंद्यानं आधी नुसती दवाखान्याची पॉलिसी घ्यावी. दात आणि डोळे हे वरचं, त्यानं हप्ता वाढतो. शिवप्पांनाही ते पटत होतं. दात पडणं हा काय आजार आहे का, ते तर वय आहे, असं ते म्हणायचे. शिवानी मात्र तिन्ही एकत्र घ्यायचं म्हणून हटून बसली होती. शेवटी असं ठरलं की आधी मिलवर डॉक्टर बोलावून सगळ्यांना तपासून घ्यावं, आणि मग बघावं.

हे सगळं ऑफिसच्या काचेआड चाललेलं. लिंबाखाली त्यातलं काही पोचलेलं नव्हतं. एक दिवस दुपारच्या चहाला शिवानी पायरीवर येऊन उभी राहिली.

"सोमवारी डॉक्टर येणार आहेत," ती म्हणाली. "सगळ्यांची तपासणी होईल, दात, डोळे, रक्त, सगळं. मग त्यावरून आपल्याला निवड करायचीय."

तिला म्हणायचं होतं, विम्याची निवड. पुढं सांगणारही होती, पण आतून फोन वाजला आणि ती गेली. अर्धं वाक्य अंगणात तसंच पडून राहिलं.

सूप खाली ठेवून महानंदा म्हणाली, "झालं. निवड करून राहिलेत. डागी दानं काढनार."

महानंदा ही बायांमधली बोलभांड. तिचं म्हणणं पटायला कुणालाच वेळ लागला नाही, कारण त्या अंगणात ह्या शब्दाचा दुसरा अर्थ कुणी कधी ऐकलाच नव्हता. जन्मभर दुसऱ्याला निवडत बसलं की एक दिवस आपणही सुपात येणार, असंच प्रत्येकीला वाटलं. कुणी शिवानीला जाऊन विचारलं नाही. विचारावं कसं, आणि विचारल्यावर आधी आपल्याच तोंडाकडं बघितलं म्हणजे. दुसऱ्या दिवसापासून मिलमध्ये तरुणपणाची लाट आली. महानंदानं केस काळे केले, इतके की लिंबावरचा कावळा फिका पडावा. नरसिंग हमाल गुडघ्यानं अधू होता, तो ताठ चालायला लागला आणि शेडमागं जाऊन कण्हायला लागला.

सुमनबाईचं मात्र खरंच अडलेलं होतं. तिला आपल्या एकटीची भीती नव्हती. लिंबाजीचे दात उघडे पडले तर तो जाणार, आणि तो गेला की तिच्या ढिगावरचे डोळे गेले, म्हणजे तीही जाणार. तिचे डोळे कळले तर उलट्या बाजूनं तेच. त्यांचा मुलगा प्रीतम नांदेडला नोकरीवर होता. तो नेहमी म्हणायचा, या इकडं, बसून खा. पण बसून खाणं म्हणजे काय हे तिनं आपल्या सासूचं पाहिलं होतं. सगळे प्रेमानं वागतात, आणि कुणाला तुमची गरज नसते. लिंबाखाली तिची गरज होती. निदान एका माणसाला तरी होती, दिवसातून कितीदा तरी, पाणी प्यायच्या निमित्तानं.

त्या संध्याकाळी घरी लिंबाजीनं बेत सांगितला. तो मौन धरणार होता.

"विपश्यनेचं मौन हाय म्हनतो. तोंडच उघडायचं न्हाई."

"आन् माझं काय करता?"

तिचंही त्यानं ठरवलं होतं. डोळे तपासणारे बोटं दाखवतात आणि कुठल्या बाजूला आहेत ते विचारतात, हे त्यानं नरसिंगकडून काढून घेतलं होतं. तो तपासणाऱ्याच्या मागं उभा राहणार, आणि उपरणं ज्या खांद्यावर टाकेल ती बाजू तिनं सांगायची. उपरणं एवढं मोठं, की ताकातूनही दिसेल. मग दोघांनी तालीम केली. तो भिंतीशी उभा राहून उपरणं इकडून तिकडं टाकत होता आणि ती डावं, उजवं म्हणत होती. एकदा उपरणं दिव्यावर पडता पडता राहिलं, आणि दोघं हसत सुटली. हसता हसता तिला भरून आलं. म्हातारपणी चोऱ्या करायला शिकून राहिलो आपण, असं ती म्हणाली. लिंबाजीनं तिच्या हातातली वाटी घेतली आणि काला कालवायला बसला.

सोमवार उजाडला. लातूरहून गाडी आली, पांढऱ्या कोटातली माणसं उतरली, अमरनाथही बॅग घेऊन आला. आणि पहिल्याच घटकेला त्यांचा बेत मोडला. शिवानीनं पुरुषांना शेडमध्ये बसवलं आणि बायांना ऑफिसच्या ओट्यावर. मध्ये सगळं अंगण. लिंबाजी उपरणं हातात धरून शेडच्या दारात उभा राहिला आणि ओट्याकडं बघत राहिला. सुमनबाईला तो दिसत नव्हता, पण तो कसा उभा असेल ते तिला कळत होतं.

डोळे तपासणारी मुलगी गोड होती. आजी, घाबरू नका म्हणाली. मग तिनं एक डोळा झाकला आणि विचारलं, माझी बोटं कुठल्या बाजूला आहेत. समोर नुसता पांढरा उजेड. सुमनबाईनं अंदाजानं डावं सांगितलं. मुलगी जवळ आली, पुन्हा विचारलं. सुमनबाईनं उजवं सांगितलं. मुलगी आणखी जवळ आली, आणि मग कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. सुमनबाईनं ओळखलं, आपलं उघडं पडलं.

तेवढ्यात शेडमधून आवाज आले. दातांचे डॉक्टर म्हणत होते, बाबा, तोंड उघडा. नरसिंग सांगत होता की त्यांचं मौन आहे. डॉक्टर म्हणाले, मौन असू द्या, बोलू नका, नुसतं उघडा. ह्याचा विचार लिंबाजीनं केलाच नव्हता. त्याची अक्षरशः दातखिळी बसली, धड दात नसताना. बाकीचे हसायला लागले. शिवानी तिकडं निघाली, काकांना बरं वाटत नाही का म्हणून विचारत. सगळी मिल लिंबाजीच्या मिटलेल्या तोंडाकडं बघत होती, आणि तो त्या हसण्यात एकटा उभा होता.

सुमनबाई उठली. समोर पायरी आहे हे तिच्या पायांना ठाऊक होतं. अंगण ओलांडून ती आवाजाच्या रोखानं गेली आणि लिंबाजीच्या बाहीला हात लागल्यावरच थांबली.

"त्यांचे दात माझ्या तोंडात हायत, वैनी," ती म्हणाली. "आन् माझे डोळे त्यांच्या कपाळात हायत. निवडून काढायचं आसंल तर दोघांना संगंच काढा. एकेकटं नका काढू."

मग तिनं सगळं सांगितलं. माठ, मूठ, पदर, गार आणि कोमट, संध्याकाळचा ढीग. एवढं सलग ती जन्मात बोलली नव्हती. बोलताना एकदाही आवाज खाली गेला नाही. तिचं संपलं तेव्हा हसणं कधीच थांबलेलं होतं.

शिवानीला आधी कळेचना. कोण काढतंय, कुणाला काढतंय, ती विचारत राहिली. शेवटी महानंदा पुढं झाली आणि म्हणाली, तुमीच तर म्हनलात, निवड करायची. तेव्हा शिवानी एका पोत्यावर बसली. तिच्या लक्षात आलं, की गेले काही दिवस ही सगळी माणसं आपल्याला भिऊन जगत होती, आणि आपण ऑफिसात बसून त्यांच्यासाठी भांडत होतो. ती रडली. मग रडत रडतच तिनं समजावलं, की निवड विम्याची होती. जुनं दुखणंही त्यात पहिल्या दिवसापासून धरणार होते. म्हणून तर खरं काय ते सांगायचं होतं, आणि लपवलं असतं तेच नेमकं वाया गेलं असतं.

तोवर शिवप्पा काठी टेकत बाहेर आले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढरा सदरा. खुर्ची आणायला कुणी धावलं, ती त्यांनी हातानंच नको म्हटली आणि लिंबाजीसमोर उभे राहिले.

"लिंबाजी, सोड आता मौन," ते म्हणाले. "तुज्या तोंडातून कट्ट वाजायचं बंद झालं त्याला लई दिवाळ्या झाल्या. मला कानानं कमी ऐकू येतंय, पन इतकं बी न्हाई."

लिंबाजीनं तोंड उघडलं.

"ठावं होतं, अप्पा? मंग बोलला काहून न्हाईत?"

"तू पानी प्यायला जाऊन राहिलास. मानसाला पानी पिऊ नको म्हनावं का?" शिवप्पा म्हणाले. "काढायचं आसतं तर मीटर आनलं तवाच काढलं आसतं."

लिंबाजीनं उपरणं तोंडावर धरलं. त्याची बाही सुमनबाईनं सोडली नाही, की त्यानं तिचा हात, कुणास ठाऊक. दोघं तशीच उभी होती. जे झाकायला त्यांनी इतकी वर्षं जीव टाकला, त्याच्यावर दुसऱ्या कुणीतरी आपणहून पांघरूण घालून ठेवलं होतं. हे कळल्यावर माणसाला हलकं वाटावं, पण आधी लाजल्यासारखं होतं आणि मग रडू येतं. सुमनबाईचं तसंच झालं.

अमरनाथ इतका वेळ बॅग छातीशी धरून उभा होता. त्यानं खाकरून सांगितलं, की आजींचा मोतीबिंदू साध्या पॉलिसीतही बसेल, पुढचा चष्मा आणि बाबांचे दात मात्र बसायचे नाहीत. आपण पहिल्यापासून तेच म्हणत होतो, असंही त्यानं हळूच जोडलं.

"मी बी तेच म्हनत होतो," शिवप्पा म्हणाले. "चुकलंच माजं. दात कोरून पोट भरत नसतं, अमरनाथ. हे दोघं एकमेकांत गुतलेत. तुज्या कागदावर तेवढं डोळं एकीकडं आन् दात एकीकडं निघून राहिलेत. सूनबाई म्हनती तसं कर, समदं एकात बांध."

शिवानीनं डोळे पुसले आणि सासऱ्यांकडं बघून मान डोलावली. त्यानंतर त्या अंगणात जे झालं त्याला काय म्हणावं. इतके दिवस दाबून ठेवलेली दुखणी एकदम बाहेर पडली. नरसिंगनं धोतर वर करून गुडघा दाखवला. महानंदानं रक्तात साखर आहे म्हणून सांगितलं, वर केसांचा रंगही कबूल करून टाकला, तो कुणी विचारला नव्हता. डॉक्टर लिहून लिहून थकले. माणसं आपापली दुखणी अशी हौसेनं सांगत होती, जसं काही लग्नाचं बोलणं चाललंय.

सुमनबाईचं ऑपरेशन लातूरला झालं. नांदेडहून प्रीतम आला होता, पण पट्टी सोडताना लिंबाजीच समोर बसला. डॉक्टरांनी पट्टी काढली, आणि सुमनबाईला खोली दिसली, खिडकी दिसली, खिडकीची निळी सळई दिसली. मग तिनं समोर पाहिलं. समोर एक म्हातारा बसला होता. केस पांढरे, गाल आत गेलेले, भुवईवर एक तीळ. तीळ तिच्या ओळखीचा होता.

"आवं, इतके म्हातारे कवा झालात?"

"तू बघत न्हवतीस तवा," लिंबाजी म्हणाला.

डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यामुळं तिला रडायचीही चोरी झाली. ती नुसती त्याच्याकडं बघत राहिली. इतके दिवस जे बघायचं राहून गेलं होतं ते सगळं बघून घेत असावी.

लिंबाजीचे राहिलेले दात काढले, हिरड्या भरू दिल्या, आणि मग त्याला कवळी बसवली. ह्यानं भाकरी खा, सगळं खा, फक्त कच्ची तूर फोडायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. लिंबाजीचं तोंड एवढंसं झालं. म्हणजे दात आले ते त्याच्या पोटासाठी, कामासाठी नाहीतच. पण त्या संध्याकाळी सुमनबाईनं ज्वारीची भाकरी चुलीच्या निखाऱ्यांशी उभी करून कडक केली, शेंगदाण्याची चटणी वाढली आणि दोघं समोरासमोर बसली. आधी त्यानं एक तुकडा मोडला. दबकत चावला. कुडुम असा आवाज आला. मग तिनं मोडला. किती तरी वर्षांनी त्या घरात दोन माणसांच्या जेवणाचा आवाज होत होता.

माघात नवी तूर आली. पहिल्याच गाडीला शिवप्पा काट्याजवळून म्हणाले, लिंबाजी, पानी पिऊन ये. सगळी मिल हसली, लिंबाजीही हसला, आणि उघड्या तळहातावर दाणे घेऊन माठाकडं गेला. आता पदर घ्यायचं कारण नव्हतं. सुमनबाई सगळ्यांदेखत दाणा फोडायची आणि निकाल सांगायची, पण शब्द तिनं तेच ठेवले. मोंढ्यात ते इतके पसरले, की माल घेऊन आलेले शेतकरी लिंबाशी येऊन अजिजी करायचे, मावशी, जरा गार म्हना की.

तिच्या दातांची त्याला गरज राहिली होती. त्याच्या डोळ्यांची मात्र तिला राहिली नव्हती. चष्मा लावून बसली की डागी दाणा तिला आपोआप दिसायचा. पहिल्या संध्याकाळी लिंबाजी सवयीनं तिच्या ढिगाशेजारी येऊन बसला. डाळीत हात फिरवला. काही सापडलं नाही. पुन्हा फिरवला, ढीग पसरवून बघितला. डाळ आरशासारखी साफ होती. मग तो बरं म्हणाला, हात झटकले, आणि एकटाच फाटकाशी जाऊन उभा राहिला. महानंदा काहीतरी चेष्टेचं बोलली, ते त्याला ऐकू गेलं नाही. एरवी सुमनबाईला तो आवाजानं कळायचा. आता त्याची पाठ दिसत होती, आणि पाठीत काय आहे तेही दिसत होतं. घरी बसून खाणाऱ्या सासूची पाठ तिला आठवली.

दुसऱ्या दिवशी काम सुटायच्या आधी तिनं आजूबाजूला पाहिलं. मग टाकून दिलेल्यातले चार-पाच डागी दाणे उचलले आणि हळूच आपल्या साफ ढिगात मिसळले. चौथं शील तिला आठवलं. पौर्णिमेला आवाज पुन्हा थोडा खाली जाईल, हे तिनं गृहीत धरलं.

लिंबाजी आला, बसला. हात फिरवता फिरवता थांबला. एक काळा दाणा चिमटीत धरून त्यानं तिच्यासमोर केला. तिच्या चष्म्याकडं पाहिलं, दाण्याकडं पाहिलं. मग तोंडभर हसला, नव्या दातांनी.

"तुजी नजर आजून कमीच हाय म्हनायची," तो म्हणाला.

"हाव," सुमनबाई म्हणाली, आणि त्याला बसायला जागा व्हावी म्हणून सूप जरा बाजूला सरकवलं.